इंजिन नसताना बांधलेला घाट

ऑक्टोबरात युरोपला जायचं ठरलं की मोबाइलवर साधारण एकच यादी फिरते : पॅरिस, स्वित्झर्लंडची बर्फाळ शिखरं, रोम, आणि मधली अंतरं स्वस्त विमानानं. मी सुचवतोय तो मार्ग या यादीत सहसा नसतो. व्हिएन्नाहून निघायचं, ग्राझ, मारिबोर आणि ल्युब्लियाना पाहत समुद्रकाठच्या ट्रिएस्टला पोचायचं. सगळा प्रवास एकाच जुन्या रेल्वेमार्गानं. तिचं नाव 'झ्यूडबान', म्हणजे दक्षिण रेल्वे. आज ती तीन देशांतून जाते. बांधली तेव्हा मात्र हा सगळा मुलूख एकाच ऑस्ट्रियन साम्राज्यात होता.

साम्राज्याची राजधानी व्हिएन्ना आणि मोठं बंदर ट्रिएस्ट, मध्ये आल्प्स. रेल्वे तुकड्यातुकड्यांनी आली. १८४२ मध्ये ती व्हिएन्नाहून डोंगराच्या पायथ्याशी ग्लॉग्निट्झला पोचली. १८४४ मध्ये डोंगरापलीकडच्या म्युर्त्सझुश्लागपासून ग्राझपर्यंत गाडी धावू लागली आणि १८४९ मध्ये ल्युब्लियानापर्यंत. मधला सेमरिंगचा डोंगर तेवढा राहिला. प्रवासी गाडीतून उतरत, घोडागाडीनं घाट ओलांडत आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसत.

हा तुकडा जोडायचं काम कार्ल फॉन गेगा या इंजिनिअरकडे आलं. जन्म १८०२, व्हेनिसमधला, घराणं अल्बेनियन वंशाचं. १८४२ मध्ये तो अमेरिकेत जाऊन तिथले रेल्वेमार्ग बघून आला होता. त्याचं म्हणणं होतं की दात असलेला रूळ नको, दोरखंडानं डबे ओढणं नको. साध्या रुळांवरून साधं इंजिनच डोंगर चढेल. अडचण एवढीच, की असा चढ आणि इतकी तीव्र वळणं गाडीसकट पार करणारं इंजिन तेव्हा जगात नव्हतं.

तरीही १८४८ मध्ये काम सुरू झालं. त्या वर्षी मार्चमध्ये व्हिएन्नात क्रांती झाली होती, शहरात बेकारांची गर्दी होती, आणि सरकारला ती राजधानीपासून लांब हवी होती. ऐन भरात सुमारे २० हजार माणसं या डोंगरावर राबत होती. डायनामाइटचं पेटंट निघायला अजून जवळजवळ २० वर्षं होती, त्यामुळे बोगदे हातानं आणि काळ्या दारूनं फोडले गेले. मजुरांच्या वस्त्यांत टायफस आणि कॉलरा शिरला, शेकडो माणसं गेली.

काम निम्म्यावर असताना, १८५१ मध्ये, तयार झालेल्या चढावर इंजिनांची स्पर्धा ठेवली. चार इंजिनं उतरली. बक्षीस 'बव्हेरिया' नावाच्या इंजिनाला मिळालं, पण रोजच्या वापराला चौघांपैकी एकही टिकणारं नव्हतं. त्यांच्यातले धडे घेऊन विल्हेल्म एंगर्टनं वेगळी रचना आखली आणि तिच्या जोरावर घाट चालला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ज्या हार्डवेअरवर चालवायचं ते अजून बनलेलंच नाही, अशा प्रोजेक्टला आमच्याकडे कुणी मंजुरी देणार नाही. इथे तर दगडाचे पूल उभे राहत होते. जमलं नाही तर मागे घेता येईल असं त्यात काही नव्हतं.

१८५४ मध्ये मार्ग खुला झाला. ४१ किलोमीटर लांबी, १४ बोगदे, १६ मोठे दगडी पूल आणि ८९८ मीटरवरचा माथा. १९९८ मध्ये युनेस्कोनं तो जागतिक वारशात घेतला.

आपल्याला हे आकडे परके वाटू नयेत. सेमरिंग सुरू झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, बोरघाटाचं काम सुरू झालं. सेमरिंगचा सर्वांत तीव्र चढ ४० फुटांना एक फूट, बोरघाटाचा ३७ ला एक. तिथे २५ बोगदे खोदले गेले, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर त्याची पत्नी अॅलिस हिनं काम पुढे नेलं आणि १८६३ मध्ये घाट खुला झाला. मेलेल्या मजुरांचा आकडा हजारांत होता. कर्जतला मागे बँकर लागतो तेव्हा आपण वडापावाच्या नादात असतो. गेगाचा चेहरा पुढे ऑस्ट्रियाच्या २० शिलिंगच्या नोटेवर आला. दोन्ही घाटांतल्या मजुरांची नावं मात्र कुठल्याच नोटेवर नाहीत.

आता प्रवासाचं. व्हिएन्नाहून ग्राझ साधारण अडीच तास, पण हा टप्पा एका दमात करू नका. सेमरिंग स्टेशनवर उतरा. तिथून रुळांच्या कडेकडेनं पायवाट जाते. वाटेत एक जागा आहे, जिथून नोटेवर छापलेला 'काल्टे रिने' हा दुमजली पूल दिसतो. १८४ मीटर लांब, ४६ मीटर उंच. ऑक्टोबरात आजूबाजूचे लार्च वृक्ष पिवळे होतात. सुया गाळणारा हा सूचिपर्णी वृक्ष आपल्याकडे सह्याद्रीत बघायला मिळत नाही. पुढे म्युर्त्सझुश्लागला या रेल्वेचं संग्रहालय आहे.

ग्राझचं जुनं शहर एका दिवसात पायी होतं. मारिबोरला ४०० वर्षांहून जुना द्राक्षवेल आहे आणि त्याला अजून द्राक्षं लागतात. तिथून गाडी साव्हा नदीच्या दरीतून ल्युब्लियानाला जाते. खिडकीची जागा पकडा. ल्युब्लियानानंतर बोरोव्निका लागतं. तिथे अर्ध्या किलोमीटरहून लांब दगडी पूल होता. दुसऱ्या महायुद्धात तो उद्ध्वस्त झाला, आता गावात त्याचा एक खांब उभा आहे. मग कार्स्टचं चुनखडीचं पठार. इथली झुडपं या दिवसांत लालभडक होतात, आणि पठार संपलं की खाली एकदम समुद्र.

ट्रिएस्टपर्यंतची रेल्वे १८५७ मध्ये पूर्ण झाली. सुएझ कालवा खुला झाल्यावर इथून मुंबईला बोटी जाऊ लागल्या. डिसेंबर १८९२ मध्ये ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याच बंदरातून निघून पुढच्या महिन्यात मुंबईत उतरला होता. १९१४ मध्ये साराएव्होत त्याची आणि पत्नी सोफीची हत्या झाली. शवपेट्या युद्धनौकेनं ट्रिएस्टला आल्या आणि याच मार्गानं, याच सेमरिंगवरून, २ जुलैच्या रात्री व्हिएन्नाला पोचल्या. चार वर्षांत साम्राज्य संपलं आणि एका रेल्वेचे तुकडे वेगवेगळ्या देशांत गेले. बंदराची राजधानी तुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर हे शहर नेमकं कुणाचं, हा वाद १९५४ पर्यंत चालला.

आज एकाच शेंगेन व्हिसावर हा सगळा प्रवास होतो. तरी पासपोर्ट हाताशी ठेवा. अलीकडे या सीमांवर पुन्हा तपासणी होते. थेट गाड्या मोजक्या आहेत आणि दुरुस्तीच्या कामामुळे एखाद्या टप्प्यात बसनंही जावं लागू शकतं, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी पुन्हा बघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, अंधार लवकर पडतो. त्याआधी गेलात तर घाट उजेडात मिळेल.

आणखी एक कारण आहे लवकर जाण्याचं. सेमरिंगच्या पोटातून २७ किलोमीटरचा नवा बोगदा बांधला जातोय आणि २०३० च्या सुमारास तो खुला करायचं नियोजन आहे. मग व्हिएन्ना-ग्राझ प्रवासातले तीसेक मिनिटं वाचतील आणि वेगवान गाड्या डोंगराखालून निघून जातील. जुना मार्ग राहणार आहे, पण लांबच्या प्रवाशाला तो मुद्दाम निवडावा लागेल. सध्या साधं तिकीट काढलं तरी तो वाटेतच येतो.