पांढरीची छाननी

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जालन्यात पोराटोरांच्याही तोंडी असते. गेली काही वर्षे एम. ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही जुन्या जालन्यातील गल्ल्यांत घरांशी निगडित शब्द गोळा करत हिंडतो. दरवेळी कुणीतरी ही म्हण ऐकवतो आणि दरवेळी आम्हाला जाणवते, की म्हणीतले सोने व्यापाऱ्यांचे होते. पाळणा मात्र मातीचा होता. पांढऱ्या मातीचा, सागाच्या तुळयांचा, पक्क्या विटांचा. सोने इथून तिथे गेले असेल, नव्या पेठांत, पोलाद आणि बियाण्यांच्या कारखान्यांत नव्या रूपाने परतलेही असेल. परंतु पाळणा एकदा मोडला की पुन्हा बांधता येत नाही. तो मोडताना कोणी काय पाहावे, कोणी कोणाला विचारावे, हा या लेखाचा विषय आहे.

कुंडलिका नदीने गावाचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना, समोर कादराबादच्या बाजूने वाढलेला नवा जालना. ‘जुना’ हे विशेषण कौतुकाचे नाही, पत्त्याचे आहे. टपालाच्या पाकिटावर लिहितात तसे. जालनापूर हे श्रीमंत पेठेचे गाव होते. नोव्हेंबर १६७९ मधील शिवाजी महाराजांच्या जालनापूर स्वारीचा उल्लेख सभासदाने केला आहे, आणि पेठ चार दिवस पुरली यावरूनच तिची ऐपत कळते. अठराव्या शतकात पहिल्या निजामाला, आसफजाहला, औरंगाबादपेक्षा येथील हवा अधिक मानवत असे. त्याच्या हुकमावरून काबीलखानाने १७२५ मध्ये येथे किल्ला आणि बालेकिल्ला बांधला; हाच मस्तगड. १८०३ च्या सप्टेंबरात, असईची लढाई होण्यापूर्वी तीनच आठवडे, कर्नल स्टीव्हन्सनने जालना घेतले. पुढे हैदराबाद कंटिंजंटची छावणी आली, १९०० मध्ये निजामाची रेल्वे आली, १ मे १९८१ रोजी जिल्हा झाला आणि २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. एवढ्या राजवटी पाहिलेल्या गावात फार थोडी वास्तू ‘स्मारक’ म्हणून ओळखली जाते, आणि आमचा मुद्दा नेमका तिथूनच सुरू होतो.

औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर आधी १८८४ मध्ये आणि सुधारित स्वरूपात १९७७ मध्ये निघाले. जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यातच होते. गॅझेटिअरमधील गावाच्या वर्णनात तट विटामातीचा असल्याचे आणि तो पुरता ढासळून फक्त दोन वेशी उरल्याचे नमूद आहे: मूर्ती दरवाजा आणि हैदराबाद दरवाजा. मस्तगडात नगरपालिकेची कचेरी, दाराच्या वर फारसी शिलालेख, आत दालने आणि सज्जे असलेली मोठी विहीर. मग काळी मशीद, हमामखाना, सराई. आणि गावाच्या पश्चिमेचा मोती तलाव. जमशेदखानाने बांधलेल्या या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातील हौदांत खेळवले होते आणि त्यांतला मुख्य हौद सराईच्या चौकात होता.

हे नळ आम्हाला वारंवार आठवतात. इमारत पाडण्याच्या अर्जावर मालकाचे नाव, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ, मजले असे रकाने असतात. जोत्याखालून काय जाते याचा रकाना नसतो. आज पाया यंत्राने खणला जातो. खापराचा नळ लागला काय आणि फुटला काय, चालकाला कळण्याचे कारण नाही. सराई, हौद, नळ आणि तलाव ही एकच रचना आहे. त्यातली मशीद राखली आणि नळ तोडला तर काहीतरी राखले असे म्हणता येईल, परंतु जे राखले त्याला गाव म्हणता येणार नाही.

गॅझेटिअरचा लेखक इंग्रजी अमलातला म्हणून अशी सूची करणे ही परक्यांची देणगी आहे, असा आपला एक समज असतो. मराठीच्या विद्यार्थ्याने तरी तो बाळगू नये. चौदाव्या शतकातील महानुभावांची ‘स्थानपोथी’ काय आहे? चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या गावांची, देवळांची, मठांची टिपणे आहेत ती. दार कोणत्या दिशेला, अमुक देऊळ तमुक देवळाच्या कोणत्या बाजूस, मध्ये अंगण की पटांगण, अशी कोरडी, मोजकी नोंद. भक्ताला स्थळ पुन्हा सापडावे एवढाच हेतू. त्यात वास्तूची थोरवी नाही. वास्तूंचे एकमेकींशी असलेले नाते आहे. एखाद्या ओबडधोबड पडवीलाही तिथे जागा मिळते, कारण कोणी तरी तिथे बसले होते. जुन्या वस्तीची पाहणी कशी करावी याचा याहून चांगला नमुना आम्हाला ठाऊक नाही. आपण तो वाङ्मयेतिहासाच्या पेपरापुरता वाचतो.

कायद्याने मात्र बराच काळ वास्तू सुटी सुटी पाहिली. १९५८ चा केंद्राचा पुरातत्त्व कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, दोन्ही स्मारकांचे कायदे आहेत. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण आले. म्हणजे परिसराचा विचार आला, पण स्मारकाचे कुंपण म्हणून. मधोमध स्मारकच नसेल आणि वस्ती हाच ऐवज असेल, तर काय? अमेरिकेतील चार्ल्स्टन शहराने १९३१ मध्ये जुन्या वस्तीची हद्द ठरवून तिथल्या बांधकामाची छाननी करणारे मंडळ नेमले. ब्रिटनने १९६७ च्या कायद्यात संपूर्ण परिसर जपण्याची तरतूद केली. न्यूयॉर्कला त्यासाठी आधी १९६३ मध्ये आपले पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडावे लागले. कायदा १९६५ मध्ये झाला. आधी पाडणे, मग हळहळणे, मग कायदा, हा क्रम पुष्कळ शहरांत दिसतो.

महाराष्ट्रात ही कल्पना १९९५ मध्ये मुंबईत रुजली. विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ व्या नियमाखाली वारसा यादी मंजूर झाली, वास्तूंच्या श्रेणी ठरल्या आणि वास्तूंबरोबर ‘परिसर’ही यादीत आले. पहिल्या श्रेणीला सहसा हात लावायचा नाही, दुसरीत आतून बदल चालतील, तिसरीत परिसराशी सुसंगत असे आणखी मोकळे बदल. आयुक्तांनी वारसा समितीचा सल्ला घ्यायचा, आणि तो डावलायचाच असेल तर कारणे लेखी नोंदवायची. आम्हाला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही शेवटची अट. डावलण्याचा अधिकार राहिला तरी चालेल, पण मुक्याने डावलता येणार नाही. कागदावर कारण राहिले की पुढच्या पिढीला निदान भांडण तरी मिळते.

या व्यवस्थेचे पुढे जे झाले तेही सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये नियम बदलून परिसरांतील आणि तिसऱ्या श्रेणीतील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास समितीच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आला, आणि गिरगावसारख्या भागात जुन्या चाळींच्या जागी मनोरे चढले. खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास घरे होती; आता त्यांची निम्मीही उरलेली नाहीत. २०१२ मध्ये वाढीव यादी प्रस्तावित झाली तेव्हा तिला मोठा विरोध झाला तो शिवाजी पार्क परिसरातून. तिथला रहिवासी अडाणी नव्हता. दिवाळी अंकांचा तो हक्काचा वाचक. यादीत नाव गेले तर घराचा पुनर्विकास अडेल, दुरुस्तीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतील, ही त्याची भीती होती. आणि ती अगदीच खोटी होती असे म्हणवत नाही.

जालन्यासारख्या गावात जुने घर ‘वारसा’ ठरण्यापर्यंत पोचतच नाही. ते साधारण तीन वाटांनी जाते. पहिली वाट पावसाळ्यापूर्वीच्या नोटिशीची. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली पडायला आलेली इमारत उतरवून घ्यायला सांगता येते. तिथे तपासले जाते ते घर पडेल का, घर काय आहे हे नव्हे. दुसरी वाट विकास आराखड्यातील रस्तारुंदीच्या रेषेची. ओसरी आणि ढेलज एवढीच त्या रेषेत जाते, मागचे घर कागदोपत्री शाबूत राहते. पण ढेलज गेलेले घर म्हणजे उंबरठा नसलेला संसार. तिसरी वाट वाटणीची. चार भावांच्या सह्या झाल्या की सागवान आधी विकले जाते.

दोन वर्षांपूर्वी ज्या घरातून आम्ही सर्वाधिक शब्द टिपले होते ते घर याच तिसऱ्या वाटेने गेले. ढेलज, खण, लादणी, बळद, किलचन, परस, पेव: एकेका शब्दाकडे बोट दाखवून तिथल्या आजी सांगत आणि मुले वहीत उतरवत. आम्ही जरा भारावून म्हणालो, आजी, हे घर ठेवायला हवं. त्या म्हणाल्या, “ठेवा की सर. पण मिरगाच्या आधी माळवदावर माती टाकायला माणूस देता का? आता मजुरी देऊनही माणूस भेटत नाही. मागल्या पावसात रात्रभर पातेली मांडून बसलो होतो.” पुढच्या उन्हाळ्यात गेलो तेव्हा तिथे पत्र्याचे कुंपण होते. दाराची कोरीव चौकट आधीच जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेली होती. आजी लेकाकडे फ्लॅटमध्ये बऱ्या आहेत, असे शेजाऱ्यांनी सांगितले. ‘बऱ्या आहेत’ हे आम्ही खरे मानतो.

माळवदाविषयी हळवे होताना मराठवाड्यातल्या माणसाने किल्लारी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यांतली कितीतरी मातीच्या जाड छपराखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. वर्षानुवर्षे गळती थांबवण्यासाठी थरावर थर चढलेली ती माती होती. तेव्हा जुने म्हणून राखा, हे वाक्य आम्ही कोणालाही ऐकवणार नाही. पण किल्लारीचा दुसरा धडाही आहे. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, जमिनीच्या मालकीनुसार घराचा आकार. घरे भक्कम झाली. गल्ली, भावकी, ओट्यावरची बैठक मात्र त्या नकाशात बसली नाही, आणि पुष्कळांनी नव्या घरापुढे पुन्हा पत्र्याचे छप्पर काढून आपली ओसरी स्वतःच उभी केली. सुरक्षित घर आणि ओळखीची वस्ती यांत एकच निवडायला लावणारा आराखडा आळशी असतो, एवढे त्यातून आम्ही शिकलो.

म्हणून छाननी करणाऱ्याने काय विचारावे? घर सुंदर आहे का, हा प्रश्न आमच्या मते शेवटचा. आधी हे पाहावे, की त्याची एखादी भिंत शेजाऱ्याची आहे का. सामाईक भिंतीच्या गल्लीत एक घर पाडणे म्हणजे तीन घरे उघडी करणे. माळवद काढून हलके छप्पर घातले, भिंतींत लाकडी किंवा काँक्रीटचा बंध दिला तर घर जगेल का, याचा अंदाज जाणत्या अभियंत्याकडून नोटीस निघण्यापूर्वी घेतला जावा. पाडायचेच ठरले तर पाडण्याआधी मोजमापे, छायाचित्रे आणि शब्द टिपले जावेत. याला मालकाचा एक दिवसही लागत नाही. नव्या बांधकामाबाबत तर आम्ही नक्कल मागतच नाही. सिमेंटच्या कमानीला काळा रंग देऊन दगडाचा भास आणणाऱ्या दर्शनी बाजू मराठवाड्यात आता बऱ्याच दिसतात. त्यांपेक्षा साधी, खरी भिंत बरी. नव्या घराने गल्लीची रेषा, जोत्याची उंची आणि रस्त्याकडे बसण्याची जागा एवढे पाळले तरी ते शेजारात मुरते. तळमजल्यावर वाहनतळ करून दारे रस्त्यापासून वर उचलली, की गल्लीला डोळेच राहत नाहीत. माधव आचवलांनी ‘किमया’त वास्तूकडे पाहण्याची नजर मराठी वाचकाला दिली त्याला साठ वर्षे उलटून गेली. ती नजर नगररचनेच्या कचेरीपर्यंत पोचायला आणखी किती वेळ लागावा?

वर्गात ‘वाडा चिरेबंदी’ शिकवताना आम्हाला एक अडचण येते. एलकुंचवारांचा वाडा ढासळतो तेव्हा प्रेक्षकाला एका घराण्याचा अस्त दिसतो. वाडा हे प्रतीक आहे आणि प्रतीक म्हणून तो पडावाच लागतो. विद्यार्थी मग प्रत्येक जुन्या घराकडे सरंजामाचे अवशेष म्हणून पाहतात. जुन्या जालन्यातील बहुतेक घरे चिरेबंदी नव्हेतच. ती विणकरांची, सराफांच्या मुनिमांची, अत्तर-बांगड्या विकणाऱ्यांची, शिक्षकांची होती. हिंदूंची, मुसलमानांची, जैनांची एकाच मातीची होती. गावठाणाला आपल्या भाषेत ‘पांढरी’ म्हणतात आणि शेताला ‘काळी’. काळीचा सातबारा निघतो, तिच्या पिकाची दरवर्षी पाहणी होते, नोंद होते. पांढरीची पीकपाहणी कोणी करत नाही.

यंदाही जूनच्या आधी मुले गल्ल्यांत गेली. या वेळी आम्ही वहीऐवजी एक छापील कागद दिला होता: दाराची दिशा, जोत्याची उंची, सामाईक भिंती, छप्पर, आड किंवा हौद, राहणारे कोण, घरातील भागांची नावे. बत्तीस घरांचे कागद भरून आले. एका मुलीने आपल्या कागदावर रकाना नसलेली एक ओळ समासात लिहून आणली आहे: परसातल्या आडाच्या कठड्याखाली खापराच्या नळाचे तोंड दिसते, घरच्यांना ते कशाचे ते माहीत नाही, पावसाळ्यात अजून त्यातून पाणी येते.