दप्तर, मंडळ आणि संशोधक

महाराष्ट्रातील इतिहास-संशोधनाची परंपरा मुख्यतः विद्यापीठांत नव्हे, तर लोकांनी स्वतः उभारलेल्या मंडळांत वाढीस लागली. याचे कारण साधनांच्या स्थितीत आहे. पुण्याचे पेशवे दप्तर सरकारच्या ताब्यात होते व तेथील प्रवेश दीर्घकाळ निर्बंधित होता. त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच बाहेर पडले. उरलेली सामग्री देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, इनामदार व मठाधिपती यांच्या घरी होती. ती मिळवावयाची तर प्रथम विश्वास संपादन करणे भाग होते.

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. गावोगाव हिंडून त्यांनी कागद जमविले. परंतु हे कार्य एकाच्या आवाक्यातील नव्हे, हेही त्यातूनच स्पष्ट झाले. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. मंडळाच्या सभांत नवा कागद वाचावयाचा, त्यावर आक्षेप घ्यावयाचे व मग तो छापावयाचा, असा प्रघात पडला. संशोधनाचे शिक्षण येथे चर्चेतूनच मिळे.

या सहकार्याचे फळ किती मोलाचे असू शकते, हे जेधे शकावलीवरून दिसते. कारीच्या जेधे देशमुख घराण्यातील ही टिपणवही लोकमान्य टिळकांकडे आली व त्यांनी ती १९१६ साली मंडळाच्या चतुर्थ संमेलन-वृत्तात प्रसिद्ध केली. तीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा नोंदलेला आहे. बखरींतील तिथींशी तिचा विरोध असल्याने दीर्घ वाद झाला. 'शिवभारता'ने तिला पुष्टी दिली. घराण्याने जपले, मंडळाने छापले आणि अभ्यासकांनी पारखले, म्हणूनच निर्णय शक्य झाला.

कौशल्याचा प्रश्न याहून कठीण होता. मोडी वाचन, फारसी शब्दांचे ज्ञान, शक, सुहूर व फसली या कालगणनांचा मेळ ही या विद्येची अंगे होत. विद्यापीठीय पदवी नसलेले ग. ह. खरे मंडळातच राहून फारसीचे व मूर्तिशास्त्राचे अधिकारी अभ्यासक झाले. त्यांचा 'संशोधकाचा मित्र' हा ग्रंथ नवशिक्यांसाठीच आहे.

तथापि या परंपरेत एक उणीव राहिली. कागदाचा धनी बहुधा दाताच राहिला. वाचक झाला नाही. महानुभावांचे सांकेतिक लिपीतील ग्रंथ महंतांनी शतकानुशतके सांभाळले आणि लिपीची किल्लीही त्यांच्याच परंपरेत होती, ही गोष्ट विसरता येत नाही. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे यांनी त्या वाङ्मयाचा अभ्यास वऱ्हाडातच राहून केला, हे म्हणूनच महत्त्वाचे.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासारख्या गावांचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. येथील जुना कागद वाचणाऱ्यास फसली सन आणि वतनव्यवस्था दोन्ही समजली पाहिजेत. अशा गावातील वाचनालय वा शाळा केवळ कागद गोळा करून शहरास पाठवील, तर ती हमालीच ठरेल. कागद कोठे, कोणाकडे व कोणत्या अवस्थेत सापडला याची नोंद करणारे आणि मोडी वाचणारे दोनचार लोक गावातच तयार झाले, तरच विद्यापीठाचे सहकार्य हे सहकार्य या नावास पात्र होईल.