मिस्ड कॉलपासून निळ्या खुणेपर्यंत : मोबाइल संदेशन आणि वापरकर्त्याच्या अपेक्षा

स्मार्टफोनवरील संदेशन-अ‍ॅपांचा इतिहास बहुधा ती घडवणाऱ्या कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. परंतु एखादे साधन बाजारात येणे आणि ते लोकांच्या अंगवळणी पडणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. आणि त्यांपैकी दुसरी समजून घ्यायची, तर ते साधन येण्यापूर्वी लोक निरोप कसे धाडत होते, कशासाठी पैसे मोजत होते आणि कशासाठी हात आखडता घेत होते, हे पाहावे लागते. महाराष्ट्राच्या संदर्भात हा मागोवा घेतला असता असे दिसते की, वापरकर्त्याच्या मागण्या मोजक्याच होत्या आणि त्या स्मार्टफोनहून पुष्कळ जुन्या होत्या. निरोपागणिक पैसे पडू नयेत, निरोप पोचल्याचे कळावे, तो आपल्या भाषेत लिहिता यावा, आणि आपण कोणाला केव्हा सापडायचे हे आपल्या हाती राहावे, एवढ्याच त्या होत्या. मात्र यांतील दुसरी आणि चौथी मागणी एकमेकींच्या आड येतात, कारण निरोप धाडणाऱ्याला पोच हवी असते, तर तो घेणाऱ्याला सवड हवी असते. आणि एकच माणूस दिवसभरात या दोन्ही भूमिका आलटून पालटून वठवत असतो.

भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 रोजी पाव आण्याला विक्रीस आले आणि खुशाली कळवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणून ते लवकरच घरोघरी पोचले. उघड्या कार्डावरचा मजकूर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत कोणालाही वाचता येत असे आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना तो दुसऱ्याकडूनच वाचून घ्यावा लागे. तरीही स्वस्ताईपुढे ही अडचण लोकांनी चालवून घेतली आणि मृत्यूची वार्ता असेल तर कार्डाचा कोपरा फाडण्यासारख्या खुणांनी मजकुराआधीच त्याचा आशय सांगण्याची रीतही पाडली. 1880 पासून टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली. मुंबईच्या गिरण्यांत काम करणारा कोकणातला वा घाटावरचा चाकरमानी गावी पैसे पाठवी, तेव्हा त्या फॉर्मच्या कुपनावर चार ओळींचा मजकूरही लिहून किंवा लिहवून घेता येई. त्यामुळे पैसा आणि खुशाली एकाच कागदाने घरी जात. पोच मिळण्याची गरज किती पक्की होती, हे रजिस्टर ए.डी. या सोयीवरून दिसते. पत्र घेणाऱ्याच्या सहीचे वेगळे कार्ड पाठवणाऱ्याकडे परत आणून देण्याची ही व्यवस्था होती आणि तिच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. घरगुती पत्राला ते परवडत नसल्यामुळे तेथे ‘पत्र पावताच उत्तर धाडावे’ या विनंतीवरच भागवावे लागे.

तारेने वेग दिला, पण शब्दागणिक आकार लावला, म्हणून तारेची भाषा तुटक झाली. आणि सामान्य घरात तार फक्त आजारपण, मृत्यू वा अशाच निकडीच्या प्रसंगी येत असल्यामुळे ‘तार आली’ एवढे शब्दच धसका बसवण्यास पुरेसे ठरत. शुभेच्छांसाठी ठरावीक मजकुरांना क्रमांक देऊन केवळ तो क्रमांक पाठवण्याची सोय तारखात्याने केली होती. तयार शुभेच्छांचा साचा मोबाइलवरील ‘फॉरवर्ड’ संदेशांच्या कितीतरी आधी रूढ झाला होता, हे यावरून ध्यानात येते. तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, तोवर तिचे घरगुती काम दुसऱ्या साधनांनी कधीच काढून घेतले होते.

टेलिफोनने आवाज घरापर्यंत आणला, परंतु दीर्घकाळ तो बहुतेकांच्या स्वतःच्या घरापर्यंत आलाच नाही. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे, त्यामुळे लग्नपत्रिकेवर वा अर्जावर शेजाऱ्याचा क्रमांक देऊन त्यापुढे ‘पी.पी.’ ही अक्षरे लिहिण्याचा प्रघात होता. याचा अर्थ, त्या क्रमांकावर फोन करून अमुक व्यक्तीला बोलावून घ्यावे. अशा फोनवर माणूस दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, चारचौघांच्या देखत बोले. साहजिकच बोलणे कामापुरते राही. बाहेरगावी बोलायचे तर ट्रंक कॉल, म्हणजे ऑपरेटरकडे नोंदवून वाट पाहत बसण्याचा कॉल, एवढाच मार्ग पुष्कळ काळ उपलब्ध होता. ऑपरेटरविना थेट परगावी क्रमांक फिरवण्याची सोय, म्हणजेच एस.टी.डी., भारतात 1960 मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. पण ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात नाक्यानाक्यावर उभ्या राहिलेल्या पिवळ्या पाट्यांच्या बूथांमुळे. तेथील काचेच्या खोलीत बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मीटरचे लाल आकडे पळत असत आणि रात्री दर उतरल्यावर बूथबाहेर रांग लागे. या व्यवस्थेने वापरकर्त्याला दोन गोष्टी शिकवल्या : बोलणे मिनिटांवर मोजले जाते आणि स्वस्ताईसाठी वेळ बदलावी लागते.

31 जुलै 1995 रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला कॉल हा भारतातील पहिला मोबाइल कॉल मानला जातो. आरंभी आलेला कॉल घेण्यासाठीही पैसे पडत. मे 2003 पासून ‘कॉल करणाऱ्याने पैसे द्यावेत’ ही पद्धत लागू झाली आणि येणारे कॉल मोफत झाले. मात्र कॉल उचलल्यानंतरच आकारणी सुरू होते, हे लोकांनी त्याआधीच हेरले होते आणि त्यातून मिस्ड कॉल नावाचा रिवाज जन्मला होता. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘तू फोन कर’, खाली उभा राहून दिलेली रिंग म्हणजे ‘उतर’, असे संकेत घराघरांत आणि मित्रमंडळींत आपसांत ठरत. ज्याच्या खात्यात पैसे कमी, त्याने मिस्ड कॉल द्यायचा आणि ज्याला परवडते त्याने उलट फोन करायचा, ही वाटणीही विनातक्रार रूढ झाली. फोन कंपन्यांनी या सोयीचा विचार केलेला नव्हता. ती वापरणाऱ्यांनी शोधून काढली होती. पुढे जाहिरातदारांनी आणि चळवळींनीही तिचा उपयोग करून घेतला. 2011 मधील भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाला मिस्ड कॉल देऊन पाठिंबा कळवण्याचे आवाहन करण्यात आले होते, आणि बेंगळुरूची झिपडायल ही कंपनी तर याच रिवाजावर उभी राहिली व 2015 मध्ये ट्विटरने ती विकत घेतली.

लेखी निरोपाच्या बाबतीत एस.एम.एस.ने पोस्टकार्डाची जागा घेतली. पहिला एस.एम.एस. 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ या अभियंत्याने पाठवला. या संदेशाची मर्यादा 140 बाइटची होती. रोमन लिपीतील अक्षराला सात बिट पुरत असल्यामुळे तिच्यात 160 अक्षरे मावत, तर युनिकोड पद्धतीने लिहिलेल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागत असल्यामुळे केवळ 70 चिन्हे मावत. आणि युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी व हलन्तचिन्ह ही सारी स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ हा मजकूर डोळ्यांना बारा अक्षरांचा दिसतो, परंतु दोन मोकळ्या जागा धरून त्याला 29 चिन्हे खर्ची पडतात. म्हणजे कोणाचे नावही न लिहिता निम्म्याच्या जवळपास संदेश संपून जातो. शिवाय अनेक हँडसेट देवनागरी दाखवूच शकत नसत. परिणामी मराठी माणसाने मराठी रोमन अक्षरांत लिहायला सुरुवात केली, तीत स्वर गाळले, शब्द आखूड केले आणि पत्रातील मायना व ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ यांसारखे उपचार सोडून दिले. रोमन मराठी ही पुष्कळांच्या बाबतीत आवड नव्हती. ती दरपत्रकाने आणि तांत्रिक मर्यादेने घडवलेली सवय होती आणि देवनागरी कळफलक फोनमध्ये आल्यानंतरही ती अनेकांच्या बोटांतून गेली नाही.

दिवाळी, नववर्ष अशा दिवशी एस.एम.एस.चे सवलतीचे पॅक लागू न करता पूर्ण दर आकारण्याची पद्धत मोबाइल कंपन्यांनी पाडली होती. नेमक्या ज्या दिवशी लोकांना निरोप धाडायचा असे, त्याच दिवशी तो महाग होई. त्यात सप्टेंबर 2011 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जाहिरातींचा उपद्रव रोखण्यासाठी एका सिमकार्डावरून दिवसाला 100 संदेशांची मर्यादा घातली आणि नंतर ती 200 केली. याच सुमारास इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना स्वतंत्र आकार नसतो, ते डेटाच्या खर्चातच सामावतात, हे लोकांच्या लक्षात येऊ लागले होते.

असे संदेश नवे नव्हते. इंटरनेट भारतात सर्वसामान्यांसाठी 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने खुले केले आणि त्यानंतरच्या दशकात सायबर कॅफेत बसून याहू मेसेंजरवर गप्पा मारणारी एक पिढीच तयार झाली. परंतु त्या गप्पा संगणकापाशी बसल्यावरच शक्य होत्या आणि त्यासाठी टोपणनाव व पासवर्ड लक्षात ठेवावा लागे. 2005 मध्ये आलेल्या ब्लॅकबेरी मेसेंजरने संदेश पोचल्याची आणि वाचल्याची खूण दिली, पण तो फक्त ब्लॅकबेरीधारकांनाच वापरता येई. जॅन कौम आणि ब्रायन अ‍ॅक्टन यांनी 2009 मध्ये स्थापन केलेले व्हॉट्सअ‍ॅप मुळात आपण कोठे आहोत, मोकळे आहोत की कामात, याची ओळ मित्रांना दाखवण्यासाठी होते; त्या वर्षी आयफोनवर सूचना आपोआप झळकण्याची सोय आली तेव्हा लोक ही ओळ बदलून परस्परांशी बोलू लागले आणि ते पाहून निर्मात्यांनी त्याचे संदेशन-अ‍ॅप केले. नवे खाते, टोपणनाव वा पासवर्ड न मागता फोनमधील क्रमांकांची यादीच त्याने ओळखपाळखीचे जाळे म्हणून वापरली आणि नोकियाच्या साध्या फोनांसाठीही आवृत्त्या काढल्या. ज्या समाजात मामा, मावशी आणि वर्गमित्र यांचा पत्ता म्हणजे त्यांचा मोबाइल क्रमांक होता, तेथे ही गोष्ट निर्णायक ठरली. डिसेंबर 2012 मध्ये आलेल्या ‘हाइक’ या भारतीय अ‍ॅपने इंटरनेट नसलेल्यांना एस.एम.एस.ने निरोप पोचवणे, खाजगी गप्पा लपवणे आणि प्रादेशिक भाषांतील स्टिकर अशा खास इथल्या गरजा ओळखल्या होत्या. तरीही जानेवारी 2021 मध्ये ते बंद पडले, कारण सगळे नातलग जेथे आहेत तेथे असणे ही वापरकर्त्याची गरज इतर सर्व सोयींहून मोठी निघाली.

निरोप फुकट झाल्यावर त्याला लगाम राहिला नाही. तारेत शब्दागणिक आणि एस.एम.एस.मध्ये संदेशागणिक लागणारा आकार एक प्रकारे विचार करायला लावी. फॉरवर्डला तो अडसर उरला नाही. याचे सर्वांत भीषण रूप 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाइलवरून पसरलेल्या असताना तेथे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना ठार मारले. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा जाहीर केली आणि 2019 च्या आरंभी ती जगभर लागू केली.

पोच आणि सवड यांचा झगडा नोव्हेंबर 2014 मध्ये उघड झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फोनवर पोचला की दोन करड्या खुणा उमटत; आता तो वाचला की त्या निळ्या होऊ लागल्या. रजिस्टर ए.डी.ची जी पोच घरगुती पत्राला परवडत नव्हती ती आता फुकट मिळाली, तरी तक्रारींचा गदारोळ झाला, कारण ‘पाहिलेच नाही’ ही सबब हिरावली गेली आणि उत्तर न देणे हा उपमर्द ठरू लागला. काही आठवड्यांतच ही खूण बंद करण्याची मुभा द्यावी लागली. परंतु जो आपली खूण लपवील त्याला दुसऱ्याचीही दिसणार नाही, अशी अट तिला जोडली होती. पुढे 2019 मध्ये आपल्याला समूहात कोणी सामील करावे हे ठरवण्याचा अधिकारही वापरकर्त्याला मिळाला. या साऱ्या तडजोडींत नवे तंत्र फारसे नव्हते. दोन भूमिकांमधला समतोल मात्र होता.

चित्रफोनचा, म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणाऱ्या फोनचा, इतिहास हीच गोष्ट उलट बाजूने सांगतो. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने 1964 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ‘पिक्चरफोन’ दाखवला आणि 1970 मध्ये पिट्सबर्ग येथे महिना 160 डॉलर दराने तो व्यापारी तत्त्वावर सुरू केला, पण त्याला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. दर अवाच्या सवा होता आणि पलीकडे चित्रफोन असलेला माणूस सापडणे दुर्मीळ होते, हे खरेच. पण घंटी वाजताच स्वतःचे रूप आणि घर दुसऱ्यासमोर उघडे करण्याचीही लोकांना हौस नव्हती. स्काइपने 2006 मध्ये संगणकावर चित्रसंवाद फुकट दिला, तेव्हा तो मुलांची शिक्षणे-नोकऱ्या परदेशी असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत रुजला, कारण तेथे वेळ आधी ठरवलेली असे आणि नातवंडाचा चेहरा हीच बातमी असे. 2010 मध्ये आयफोनवर फेसटाइम आले, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ या मोबाइल कंपनीने डेटा स्वस्त केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रसंवाद सुरू झाला. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर वर्ग, बैठका, बारशी आणि अंत्यदर्शनेही पडद्यावर झाली. तरीही ‘व्हिडिओ कॉल करू का?’ असे आधी लिहून विचारण्याची रीत टिकून आहे. कर्णबधिरांसाठी मात्र चित्रसंवाद ही चैन नसून खुणांच्या भाषेत दूरवर बोलण्याचे साधन ठरला.

लिहिण्याची अडचणही पूर्ण सुटली ती टंकनाने नव्हे, आवाजाने. 2013 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश सोपे झाले आणि 2017 मध्ये गूगलने मराठीत बोलून टंकण्याची सोय दिली. ज्याला पूर्वी मनिऑर्डरचे कुपन दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे लागे, त्याला आपला निरोप आपल्याच तोंडून धाडता आला.

या दीर्घ वाटचालीत तंत्रज्ञान अनेकदा बदलले, परंतु वापरकर्त्याने प्रत्येक साधनातून तेवढेच उचलले, जेवढे त्याच्या जुन्या गरजांना पुरे पडले. उरलेले त्याने वळवून घेतले, टाळले वा बंद करायला लावले. पैशाची आणि लिपीची मागणी बऱ्याच अंशी भागली आहे. पोच आणि सवड यांचा तंटा मात्र तंत्राने मिटणारा नाही, कारण तो यंत्रांतला नसून माणसांच्या परस्परांवरील हक्काविषयीचा आहे. म्हणूनच पुढचे साधन कोणतेही येवो, त्याची कसोटी ते किती वेगवान आहे यावर न ठरता, निरोप मिळूनही गप्प राहण्याची मोकळीक ते घेणाऱ्याला किती देते, यावर ठरेल.