एअर फ्रायरमध्ये आलुबोंडा होतो का? घेण्याआधी हे वाचा

पावसाची सर आली की नागपूरच्या घरांत आलुबोंडे नाहीतर मुंगवडे यांची फर्माईश होते. घरी नवा एअर फ्रायर आला असेल तर पहिला प्रयोगही बहुधा त्यांच्यावरच होतो. बेसनात बुडवलेला बोंडा जाळीवर ठेवला की पीठ खाली गळतं, भोकांत अडकून तिथेच शिजतं, आणि पंधरा मिनिटांनी हाती येतो तो अर्धा उघडा पडलेला, कोरडा बटाट्याचा गोळा. असे दोन प्रयोग झाले की यंत्र ओट्यावरून माळ्यावर जातं.

दोष यंत्राचा नाही, घोळ नावात आहे. एअर फ्रायर तळत नाही, भाजतो. वर तापणारी कॉइल, तिच्याजवळ जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा कारभार. साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली हवा पदार्थाभोवती फिरते आणि त्याचा पृष्ठभाग सुकवून कुरकुरीत करते. फिलिप्स कंपनीने 2010 मध्ये तो बाजारात आणला आणि ‘एअर फ्रायर’ हे नाव सगळीकडे झालं. प्रत्यक्षात तो पंखा असलेला छोटा ओव्हन आहे. घरात कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह किंवा पंख्याचा ओटीजी असेल, तर याचं बरंचसं काम तिथेही होतं. एअर फ्रायरची जागा लहान असल्याने तो लवकर तापतो, हा मुख्य फरक.

आता तेल आणि हवा यांतला फरक. 180 अंश तापलेल्या ओव्हनमध्ये क्षणभर हात घातला तर धग लागते. तेवढ्याच तापलेल्या तेलाचा एक थेंब हातावर उडाला तर फोड येतो. तापमान सारखंच, पण तेल उष्णता फार वेगाने देतं. म्हणूनच कढईत पडताक्षणी बेसनाचं पातळ आवरण घट्ट होतं. हवेला तेच करायला काही मिनिटं लागतात, आणि तोवर पीठ गळून गेलेलं असतं.

यावरून कोणता पदार्थ जमेल हे घरबसल्या ओळखता येतं. आवरण ओलं आणि वाहतं असेल तर नाही. घट्ट किंवा आधीच शिजलेलं असेल तर हो. भजी, आलुबोंडा, मिरचीभजी पहिल्या गटातले. धोप्याच्या पानांच्या वड्या (विदर्भाबाहेर याच अळूवड्या) आणि कोथिंबीरवडी दुसऱ्या गटातल्या. त्या आधी वाफवलेल्या असतात, त्यामुळे वरून तेलाचा हात फिरवला की छान कुरकुरीत होतात. पुडाची वडी मधली. तिची पारी मळलेल्या पिठाची असते, त्यामुळे ती गळत नाही आणि आतला सांबारही शिजतो. (हा सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचा नव्हे.) पण पारी खमंग तळल्यासारखी न लागता खारीकडे झुकते. कचोरी-समोशाचंही तसंच. शेंगदाणे, मखाणे, पापड, पनीर, चिकनचे तुकडे हे सगळं उत्तम जमतं. भरताचं वांगं भाजलं जातं, पण जाळावरचा धुरकट वास येत नाही, आणि त्या वासाविना भरीत खायचं कशाला, असा प्रश्न पडू शकतो. चिवड्याचे पातळ पोहे मात्र यात घालू नयेत. पंख्याच्या वाऱ्याने ते उडून कॉइलपर्यंत जातात.

जाहिरातीत हमखास दिसणारे फ्रोझन फ्रेंच फ्राइज इतके चांगले का होतात? कारण बहुतेक वेळा ते कारखान्यातच एकदा तळून आलेले असतात.

तेल किती वाचतं?

घरात तेलाचा डबा कशात संपतो, हे आधी पाहायला हवं. रोजच्या भाजीची फोडणी, पोह्यांवरची तर्री, पाटोडीचा रस्सा, वडाभातावर ओतलेलं कडकडीत तेल, रविवारचं सावजी मटण. यांतल्या एकाही तेलाला एअर फ्रायर हात लावत नाही. तो फक्त तळणाचं तेल वाचवतो. ज्या घरात कढई महिन्यातून एकदा चढते, तिथे वाचण्यासारखं फारसं काही नसतं.

हिशोब करून पाहू. आठवड्यातून एकदा तळण होतं आणि पदार्थांत 100 मिली तेल मुरतं असं धरलं, तेलाचा भाव लिटरला 150 रुपये धरला, तर वाचले 15 रुपये. दुसरीकडे 1500 वॉटचं यंत्र 20 मिनिटं चाललं तर जास्तीत जास्त अर्धा युनिट वीज जाते. युनिट 10 रुपयांचं धरलं तर 5 रुपये. चार लिटरच्या टोपलीत पदार्थ एका थरात मांडला की दोघा-तिघांपुरताच मावतो. पाच माणसांना दोन-तीन घाणे लागतात, म्हणजे 10 ते 15 रुपये, आणि शेवटचा घाणा निघेपर्यंत पहिला गार. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी वाढतात, त्यामुळे मे महिन्यात कूलर-एसी सुरू असताना हे युनिट वरच्या टप्प्यात पडू शकतं. वाचलेला गॅस धरला तरी चार-पाच हजारांचं यंत्र तेलाच्या बचतीतून वसूल होणं कठीण.

मग घ्यायचा कशासाठी? एक कारण खरोखर वजनदार आहे: तळणानंतर कढईत उरलेलं तेल. ते गाळून पुन्हा फोडणीला वापरण्याची सवय घरोघरी आहे. तेल वारंवार तापवलं की त्यात ‘पोलर कंपाउंड’ म्हणवणारे घटक वाढत जातात. त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांवर गेलेलं तेल खाद्यव्यवसायात वापरायला एफएसएसएआयने 1 जुलै 2018 पासून मनाई केली आहे. घरात ते मोजायला कोणी येत नाही. एअर फ्रायरमध्ये असं तेल उरतच नाही. शिवाय एक ग्रॅम तेलात 9 कॅलरी असतात, त्यामुळे आठवड्यातून तीन-चारदा तळलेलं खाणाऱ्या घरात फरक पडतो. दोघांचं घर, डब्याची घाई, वसतिगृहातून सुट्टीला आलेली भुकेली मुलं, 45 अंशांच्या उन्हाळ्यात कढईसमोर उभं राहायची नकोशी वेळ, ही कारणंही रास्त आहेत.

मात्र ‘तेल नाही म्हणजे आरोग्यदायी’ असं समीकरण मांडता येत नाही. बटाट्यासारखे पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर भाजले किंवा तळले की अ‍ॅक्रिलामाइड तयार होतं, ते एअर फ्रायरमध्येही होतंच. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात ठेवून, पुसून, सोनेरी रंगावरच काढाव्यात.

आणि आलुबोंड्याचं काय? त्यासाठी अप्पेपात्र आहे. प्रत्येक खळग्यात पाव-अर्धा चमचा तेल, मध्यम आच, एकदा उलटवणं. काही शे रुपयांच्या या भांड्यात बेसनाचं पीठ गळत नाही. कढईच वापरायची तर बोंडा झाऱ्यावर घेताच नीट निथळून घ्यावा. पदार्थ गार होताना आतली वाफ आकसते आणि वर राहिलेलं तेल आत ओढलं जातं, म्हणून बरंचसं तेल कढईबाहेर आल्यावरच मुरतं.

घ्यायचं ठरलंच, तर बर्डीवर जाण्याआधी किंवा ऑनलाइन ऑर्डर टाकण्याआधी ओट्याजवळचा प्लग पाहावा. 1500 वॉटला साडेसहा अँपिअर लागतात. मिक्सरचा साधा प्लग त्यासाठी नाही, जाड पिनांचा 16 अँपिअरचा हवा, आणि जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात तो बरेचदा फ्रिजने अडवलेला असतो. एक्स्टेन्शन बोर्डवर हे यंत्र चालवू नये. मागून गरम हवा निघते, त्यामुळे भिंतीपासून वीतभर जागा सोडावी. टोपलीला नॉन-स्टिक लेप असेल तर तारेची घासणी वापरू नये, आणि सुटी टोपली वेगळी मिळते का, हे दुकानातच विचारून घ्यावं.