फेरारी, फियाट आणि मामाचा क्लच

गेल्या महिन्यात पुतण्याचा पुण्याहून फोन आला. "काका, आईबाबांना इतक्यात सांगू नकोस," अशी प्रस्तावना झाली तेव्हाच ओळखलं की प्रकरण खर्चाचं आहे. चिरंजीवांना सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. प्रश्न एवढाच, की अशी गाडी रोज ऑफिसला नेता येते का? (आता ब्लॉगवर लिहितोय म्हणजे सगळ्या नातेवाईकांना कळणारच. वहिनी, तो अजून विचारच करतोय, काळजी नसावी.)

फोनवर मी काहीतरी हो-ना करून वेळ मारून नेली. पण नंतर वाटलं, की या प्रश्नावर आपल्या घरात एकदा कडाक्याचं भांडण होऊन गेलंय. तेही गणपतीत, गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत. निमित्त होतं सचिनची फेरारी.

ज्यांना ते प्रकरण आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एप्रिल २००२ मध्ये सचिनने पोर्ट ऑफ स्पेनला एकोणतिसावं कसोटी शतक काढलं आणि ब्रॅडमनची बरोबरी केली. सचिन तेव्हा फियाटची जाहिरात करायचा. फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली आणि किल्ली द्यायला सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकर. फोटो सगळ्या पेपरांत. गाडी भारतात आणायची वेळ आली तेव्हा कळलं, की आयात शुल्क १२० टक्के. पेपरांत आकडा आला १ कोटी १३ लाखांचा. २००३ साली सरकारने ते माफ केलं आणि गदारोळ उठला. खेळाडूंना स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसांवर सवलत मिळते, ही तर एका कंपनीने दिलेली भेट, मग माफी कशी? दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी शुल्क फियाटने भरलं.

आमच्या घरी गणपतीला आलेल्या मामाचं म्हणणं होतं, "त्याने मिळवलंय, घेऊ दे की. देशासाठी एवढं करतो, त्याच्याकडून कसले पैसे घेता?" आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर पगारातून कर कापून घेतलेला माणूस. ते म्हणाले, "मी रंगीत टीव्ही घेतला तेव्हा मला कोणी माफ केलं होतं?" मोदक ताटात गार झाले. मी तेव्हा मामाच्या बाजूने होतो, कारण सचिन. आज विचाराल तर आप्पांचं बरोबर होतं. शुल्क भरायची ऐपत नसलेल्या माणसाची ती गाडी नव्हती. पण मामा त्या दिवशी इतका का पेटला होता, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

मामा लालबागचा. गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर तोही बाहेर आला. वर्षभर वाट पाहिली, मग टॅक्सीचा बॅज काढला. आधी दुसऱ्याच्या गाडीवर रात्रपाळी, मग १९९३ साली कर्ज काढून स्वतःची प्रीमियर पद्मिनी. ताडदेव आरटीओत पासिंग झालं त्या दिवशी आम्ही सगळे गाडीत बसून सिद्धिविनायकाला गेलो होतो. पुढच्या सलग सीटवर तिघं (गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे मधला माणूस आरामात बसायचा), मागे मुलं धरून पाच. नियमात बसत नव्हतं, पण गाडीत बसलं.

आता गंमत बघा. मामाची टॅक्सी आणि सचिनची फेरारी एकाच घराण्यातल्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज-प्लिमथ जुळवल्या, मग फियाटशी करार करून फियाट. १९६४ पासून जी ११०० डी इथे बनू लागली, तिलाच पुढे पद्मिनी हे नाव मिळालं. पण मुंबईकरांनी ती टॅक्सी शेवटपर्यंत 'फियाट' म्हणूनच हाक मारून थांबवली. तिकडे इटलीत फियाटने १९६९ साली फेरारीचा निम्मा हिस्सा घेतला आणि १९८८ मध्ये एन्झो फेरारी वारल्यावर तो ९० टक्क्यांवर नेला. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरची सगळ्यात गरीब गाडी आणि सगळ्यात माजोरी गाडी नात्याने चुलत बहिणी. एकीचं इंजिन १०८९ सीसी, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. दुसरीचं ३५८६ सीसी, आठ सिलिंडर, ४०० अश्वशक्ती. बरोब्बर दहापट.

मधली एक बहीणही होती. कुर्ल्यालाच बनणारी पॅलिओ. तिची १.६ लिटरची, १०० अश्वशक्तीची आवृत्ती ही फियाटची सर्वसामान्य चालकासाठीची स्पोर्ट्स कार. सचिनच्या नावाने तिची 'एस १०' अशी खास आवृत्तीही निघाली होती. जोरदार पळायची आणि पेट्रोलही तितक्याच जोरात प्यायची. असो.

तर मूळ प्रश्न, रोजच्या वापराचा. जगात हा प्रश्न गंभीरपणे विचारला गेला तो १९९० साली होंडाची एनएसएक्स आली तेव्हा. त्याआधी असा समज होता, की इतक्या वेगवान गाडीने चालकाला त्रास द्यायचाच असतो. जड क्लच, तापणारं इंजिन, मागचं काही दिसत नाही, आणि महिन्यातून आठ दिवस गॅरेजमध्ये. पोर्शेच्या ९११ वाल्यांना हे मान्य नव्हतं म्हणा, पण ते वेगळे. होंडाने अशी गाडी काढली, की सुझुकाच्या ट्रॅकवर सेन्नाने ती तपासून बघावी आणि दुसऱ्या दिवशी एखाद्या दंतवैद्याने दवाखान्यात न्यावी. फेरारीला हे झोंबलं. आधी १९९४ ची एफ३५५ आणि मग १९९९ ची ३६० मोडेना हे त्याला दिलेलं उत्तर. ३६० मध्ये सांगाडा ॲल्युमिनियमचा, आतली जागा ऐसपैस, सीटच्या मागे सामान ठेवायला फळी. एफ३५५ चे टायमिंग बेल्ट बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. ३६० मध्ये ते काम सीटमागचं झाकण काढून होऊ लागलं. म्हणजे फेरारीच्या हिशेबात सचिनला मिळालेली गाडी ही रोजची गाडी होती!

फेरारीचा हिशेब मात्र मारानेल्लोचा. आमच्याकडे गाडी तपासायचा मामाचा स्वतःचा हिशेब होता आणि दहा वर्षं टॅक्सी चालवून तो पक्का झालेला. त्यानुसार गाडीचं पहिलं काम म्हणजे गल्लीत शिरणं. पद्मिनी १.४६ मीटर रुंद, ३६० ही १.९२. मुगभाटात समोरून हातगाडी आली तर पद्मिनी कडेला सरकते. फेरारीला मागे जावं लागेल, आणि मागे जाताना इंजिन पाठीशी असल्याने दिसणार किती, तो भाग निराळा. दुसरं, हिंदमाता. पावसाळ्यात तिथे पाणी भरणार हे कॅलेंडरात छापावं इतकं नक्की. पद्मिनीचं पेट्रोल-करंटचं दुखणं अशा पाण्यात लगेच उमळायचं, मामा फडकं घेऊन डिस्ट्रिब्युटर पुसत बसायचा आणि तासाभरात गाडी परत सुरू. फेरारी जमिनीला टेकून चालते, हवा ओढायची तोंडं बाजूंना. तिथे फडक्याचं काम नाही.

पण खरी गोष्ट क्लचची. ती जरा सविस्तर सांगतो, कारण पुतण्याला तीच कळायला हवी.

३६० दोन प्रकारांत मिळायची. एक साधी, पायात क्लच असलेली. दुसरीत क्लचचं पेडलच नाही, स्टिअरिंगमागे दोन पाती, उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. लोकांना वाटतं ती ऑटोमॅटिक. तशी ती नाही. आत गिअरबॉक्स साधाच, क्लचही साधा, फक्त पायाऐवजी हायड्रॉलिक पंप तो दाबतो आणि कधी दाबायचा ते संगणक ठरवतो. मोकळ्या रस्त्यावर हे काम इतक्या झपाट्याने होतं, की शून्यावरून शंभरला साडेचार सेकंद. पण परळपासून लालबागपर्यंतची संध्याकाळची रांग घ्या. २०११ साली उड्डाणपूल होईपर्यंत आंबेडकर रोडवर ती जी काही लागायची! दोन फूट पुढे, थांब. चार फूट पुढे, थांब. अशा वेळी क्लच ना पूर्ण सुटलेला, ना पूर्ण लागलेला. पट्टी घासत राहते, तापते, झिजते. आपण ब्रेक सोडून हळूच गाडी सरकवतो आणि पाठीमागे कित्येक हजारांचा ऐवज जळत असतो. या गाडीला संगणक लावला तर क्लच किती टक्के झिजला ते आकड्यात सांगतो, म्हणजे बघा.

मामा रात्रीच्या शिफ्टला गाडी दुसऱ्याला द्यायचा तेव्हा ड्रायव्हर निवडताना एकच परीक्षा घ्यायचा. त्याला भायखळ्याच्या पुलावर चढणीवर गाडी थांबवायला सांगायचा. जो हँडब्रेक लावेल तो पास. जो अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवेल त्याला तिथेच उतरवायचा. "अर्ध्या क्लचवाला आपल्याला नको. त्याला दुसऱ्याच्या पैशाची किंमत नसते." पद्मिनीची क्लचप्लेट ऑपेरा हाऊसकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळायची आणि दुपारपर्यंत गाडी परत भाड्याला. तेवढी दुपार बुडाली तरी मामी तोंड पाडायची, कारण हप्ता दुपार बघत नाही.

मग हा माणूस, ज्याच्या प्रत्येक कसोटीवर फेरारी नापास होणार होती, तो त्या गणपतीत फेरारीसाठी माझ्या वडिलांशी का भांडला? मी हे त्याला फार उशिरा विचारलं. तो म्हणाला, शिवाजी पार्कला भाड्याची वाट बघत उभा असायचो तेव्हा आचरेकर सर स्कूटरवर मागे कुठलं तरी पोरगं बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर निघालेले दिसायचे. तेव्हा कोणाला माहीत होतं ते पोरगं कोण. (सचिन होता की दुसरा कोणी, देव जाणे. मामाच्या आठवणीत तो सचिनच आहे.) वांद्र्याहून ३१५ नंबरच्या बसने शिवाजी पार्कला येणारा मुलगा, पुढे दगदग नको म्हणून काका-काकूंकडे राहायला आलेला. "स्कूटरच्या मागच्या सीटवरून फेरारीपर्यंत गेला रे तो. आमच्यातलं कोण गेलं तितकं? आमच्या पोरांना गिरणीच्या जागेवर मॉल बघायला मिळाला." त्याला शुल्काशी देणंघेणं नव्हतंच. आप्पा कायद्याचं बोलत होते आणि हा आपल्या पोरांचं.

२०१२ साली राजेश मापुस्करांचा 'फेरारी की सवारी' आला. त्यात आरटीओतला एक साधा कारकून सचिनची फेरारी घेऊन मुंबईभर फिरतो. मामाला घेऊन गेलो होतो. बाहेर पडल्यावर म्हणाला, "सिग्नलला सगळं ठीक आहे, पण चढण एकपण दाखवली नाही."

तोवर सचिनने स्वतः ती गाडी विकलीही होती, २०११ मध्ये, सुरतेच्या एका व्यावसायिकाला. नंतर त्याच्याकडे निस्सान जीटी-आर आली. चार सीट, चारही चाकांना ताकद, मागे बऱ्यापैकी डिकी. म्हणजे वेग तोच, पण संसारी. आणि २०२० साली एका मुलाखतीत त्याने सांगितलं, की माझी पहिली गाडी, मारुती ८००, कोणाकडे असेल तर कळवा, मला ती परत हवी आहे. फेरारीबद्दल तो असं काही बोलल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

मामाची पद्मिनी वीस वर्षांच्या नियमात २०१३ ला निघाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवलाच नोंदलेली, २९ ऑक्टोबर २००३ ची, म्हणजे फेरारीच्या शुल्काचा वाद गाजला त्याच वर्षीची. वीस वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर तीही गेली. पाचच महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरू झाला. मुंबईत एकदाचा असा रस्ता झाला जिथे फेरारीला पाय पसरता येतील.

गेल्या रविवारी मामाला तिथून नेलं, माझ्या साध्या गाडीतून. वरळीहून निघालो. समुद्राकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो पाट्या वाचत होता. सरळ रस्त्याला ८०, बोगद्यात ६०.

"ऐंशी?" म्हणाला. "अरे, ऐंशी तर माझी पण जायची. रात्री वरळी सीफेसला."

बोगद्यातून बाहेर आलो, मरीन ड्राइव्ह दिसायला लागलं, तेव्हा मी त्याला पुतण्याचा बेत सांगितला. वाटलं होतं, वेड्यात काढेल. थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, "तो क्लचचा आकडा संगणकावर दिसतो म्हणालास ना?"

"हो."

"मग त्याला सांग, रंग-बिंग नंतर बघ. आधी तो आकडा विचार. आणि आधीचा मालक राहायला कुठे होता, तेही. लालबागचा असेल तर घेऊ नकोस."