याला अपघात म्हणायचं का?

समजा, तुम्ही कामावर एक अडकलेलं चाक फिरवताय. अंगावर काही पडलं नाही, यंत्र मोडलं नाही, पायही घसरला नाही. फक्त जोर लावताना आत काहीतरी फाटल्यासारखं वाटलं आणि हर्निया झाला. हा अपघात का?

इंग्लंडमधल्या फेंटन नावाच्या कामगारापुढे हाच प्रश्न होता. गुरांचं खाद्य शिजवणाऱ्या यंत्राचं चाक हलेना, म्हणून त्यानं सोबत्याला हाक मारली. दोघांनी जोर केला आणि फेंटनचं आतडं उतरलं. १८९७ च्या कायद्यामुळे मालकाची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळू लागली होती, पण इजा 'अपघाताने' झालेली हवी होती. अपील न्यायालयाचं म्हणणं असं, की माणूस आपलं नेहमीचं काम करत होता, जोर स्वतःहून लावत होता. मग अवचित असं घडलं काय? १९०३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं हा निकाल फिरवला. लॉर्ड मॅकनॉटन यांचा युक्तिवाद मला आवडतो, कारण त्याचा आधार रोजची बोली आहे. वजन उचलताना पाठीत उसण भरली किंवा आतडं उतरलं, तर चारचौघं त्याला अपघातच म्हणतात. फेंटननं जोर ठरवून लावला होता. इजा ठरवून करून घेतली नव्हती.

'अपघाताने झालेली इजा' हीच भाषा पुढे १९२३ च्या भारतीय कामगार नुकसानभरपाई कायद्यात आली आणि मुंबईच्या गिरण्यांना लागू झाली.

अमेरिकेतल्या काही राज्यांनी मात्र हर्नियाकडे संशयानंच पाहिलं. जॉर्जियाच्या कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे: हर्निया अचानक दिसायला हवा, सोबत वेदना हवी, तो अपघातानंतर लगेच यायला हवा आणि आधी नसावा. या संशयाला वैद्यकाचा आधारही होता. हर्नियाची पिशवी जन्मापासूनच असते, असं सर्जन हॅमिल्टन रसेल यांनी १९०६ मध्ये मांडलं होतं. म्हणजे दोष कामाचा नाही, शरीराचा! (तेच शरीर कामावर घेताना धडधाकट असतं, हे सोयीनं विसरायचं.)

वीस वर्षं पोती वाहणाऱ्या हमालाच्या जांघेतला गोळा हळूहळू वाढतो. रात्री आडवं झालं की आत जातो, सकाळी पहिल्या पोत्याबरोबर पुन्हा बाहेर येतो. भरपाईच्या अर्जात अपघाताची तारीख विचारतात. त्यानं कोणती लिहायची?