वाट मोकळी करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

युद्धाचा इतिहास बहुधा गड सर करणाऱ्यांच्या नावाने लिहिला जातो. गडापर्यंतची वाट ज्यांनी मोकळी केली, त्यांची नोंद तळटीपेत राहते. स्वतंत्र भारताने परमवीर चक्र देऊन गौरविलेल्या पहिल्या वीरांमध्ये मात्र वाट मोकळी करणारा एक सैनिक आहे. मेजर रामा राघोबा राणे यांचे नाव शालेय पाठ्यपुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नसंचांत एका ओळीपुरते आढळते. त्या ओळीमागचे आयुष्य नव्या पिढीपर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. त्यांचे मूळ गाव कारवारजवळचे चेंदिया. कारवारचा हा मुलूख त्या काळी मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. घरात कोकणी आणि शाळेत, नाटकात, कीर्तनात मराठी, अशी या किनारपट्टीची जुनी रीत आहे. राणे यांचे वडील पोलीस खात्यात शिपाई होते. बदलीच्या नोकरीमुळे मुलाचे शिक्षण ठिकठिकाणच्या शाळांत झाले. शाळा बदलणे, नव्या वर्गात नव्याने रुजणे आणि पुन्हा बिऱ्हाड हलविणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांना वेगळे सांगावयास नको. १९३० मध्ये देशभर उसळलेल्या चळवळीने बारा वर्षांच्या रामालाही ओढ लावली. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांना त्याची धास्ती वाटली आणि त्यांनी कुटुंबासह मूळ गावचा रस्ता धरला.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यानंतर, १० जुलै १९४० रोजी, राणे सैन्यात दाखल झाले. त्यांची निवड बॉम्बे इंजिनिअर्समध्ये झाली. सैन्याच्या या शाखेला जुन्या मराठीत ‘सफरमैना’ म्हणत. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग काढणे हे तिचे काम. प्रशिक्षणकाळात ते सर्वोत्कृष्ट रिक्रूट ठरले. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर सैन्य माघार घेत असताना त्यांच्या तुकडीला काही साधनसामग्री नष्ट करण्यासाठी मागे ठेवण्यात आले. काम पार पडले, परंतु त्यांना नेण्यासाठी येणारी नौका आली नाही. तेव्हा जपानी गस्त चुकवीत, स्वतःच्या हिमतीवर नदी ओलांडून त्यांनी आपले सहकारी सुखरूप परत आणले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले, तेव्हा काश्मीरचे युद्ध पेटलेले होते.

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली होती. तेथील नागरिकांवर भीषण अत्याचार झाले होते. १८ मार्च १९४८ रोजी झांगर परत घेतल्यानंतर भारतीय सैन्याने नौशेराहून राजौरीकडे आगेकूच सुरू केली. डोंगराळ मुलखातून जाणारा रस्ता एकच होता. शत्रूने तो झाडे पाडून, मोऱ्या उडवून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. रणगाडे पुढे गेल्यावाचून राजौरी सुटणार नव्हती आणि रस्ता मोकळा झाल्यावाचून रणगाडे पुढे जाणार नव्हते. हे काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीतील राणे यांच्या तुकडीकडे आले.

८ एप्रिलला चौथ्या डोग्रा पलटणीने बरवाली रिजवर चढाई केली. सुरुंग काढण्यास आरंभ होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. राणे यांच्या तुकडीतील दोन जवान ठार झाले, पाच जण जखमी झाले आणि त्या पाचांत स्वतः राणे होते. त्यांनी उरलेल्यांची लगेच फेरजुळणी केली व काम सुरू केले. दुपारी साडेचारच्या सुमारास रिज हाती आली. आसपास शत्रू अद्याप असल्याचे ठाऊक असूनही त्यांनी रणगाड्यांसाठी वळणरस्ता करण्यास घेतला आणि रात्री दहापर्यंत ते मशीनगनच्या माऱ्यात राबत राहिले.

९ एप्रिलला पहाटे सहा वाजता काम पुन्हा सुरू झाले. दुपारी तीन वाजता वळणरस्ता तयार झाला. मग राणे सर्वांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर आडवी टाकलेली पाइनची झाडे लागली. ती त्यांनी स्फोटाने उडविली. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे मोरी उद्ध्वस्त केलेली, तेथेही बाजूने वाट काढली. संधिप्रकाशात पाच मोठ्या झाडांचा अडथळा आला. भोवती सुरुंग होते आणि वरून गोळीबार. राणे थांबण्यास तयार नव्हते. अखेर ताफ्याच्या प्रमुखांनी ताफा रात्रीपुरता सुरक्षित जागी नेला.

१० तारखेस पहाटे पावणेपाचला ते त्याच अडथळ्याशी पुन्हा भिडले आणि साडेसहापर्यंत त्यांनी तो दूर केला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची रांगच होती. तीही साडेदहापर्यंत संपली. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोन वाजता चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागच्या रसदीच्या गाड्यांसाठी अन्नविश्रांतीवाचून रात्री नऊपर्यंत रस्त्यावरच होते. ११ तारखेस सकाळी अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि त्या रात्रीही दहापर्यंत पुढचे काम चालू राहिले. १२ एप्रिलला भारतीय सैन्य राजौरीत पोहोचले.

या चार दिवसांचा वृत्तांत घड्याळाच्या काट्यांनी भरलेला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शौर्य म्हणजे एका क्षणाची उसळी, अशी सर्वसाधारण समजूत असते. राणे यांचे शौर्य तासांत मोजावे लागते. जखमी देहाने, दोन सहकारी गमावल्यानंतर, तेच कष्टाचे काम पुन्हा पुन्हा आणि तितक्याच काळजीने करणे, हा त्या शौर्याचा विशेष. सुरुंग काढताना हातघाई चालत नाही. तेथे धैर्य आणि धीर हे दोन्ही गुण एकाच माणसात असावे लागतात.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्राची स्थापना झाली. इंद्राच्या वज्राची प्रतिमा असलेल्या या पदकाचे आरेखन सावित्रीबाई खानोलकर यांनी केले. जन्माने युरोपीय असलेल्या सावित्रीबाई विवाहाने मराठी घरात आल्या होत्या. आजवर २१ वीरांना हे पदक मिळाले असून त्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर देण्यात आले. हयातीत ते स्वीकारणाऱ्या सात जणांत राणे यांची गणना होते.

हयात राहिलेल्या वीराचे आयुष्य लिहिणे एका अर्थी अवघड असते. रणभूमीवरील चार दिवसांची नोंद तासागणिक उपलब्ध आहे. त्यानंतरची ४६ वर्षे मात्र थोड्याच ओळींत आटोपतात. राणे यांचा विवाह झाला, मुलेबाळे झाली, बदल्यांच्या नोकरीतच संसार उभा राहिला. १९६८ मध्ये ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत एका गृहस्थाची रोजची कर्तव्ये सामावलेली आहेत. त्यांची नोंद कोणतेही सरकारी राजपत्र घेत नाही. सैनिकाच्या घराने सोसलेला विरह आणि केलेली प्रतीक्षाही तेथेच दडलेली असते. सेवेतून परतलेला जो माजी सैनिक गावोगावी शेती, घर आणि मुलांचे शिक्षण निमूटपणे सांभाळतो, त्याच्याशी राणे यांचे नाते या वर्षांमुळे जडते.

देशाने त्यांची स्मृती जपली आहे. भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला १९८४ मध्ये, त्यांच्या हयातीतच, त्यांचे नाव देण्यात आले. कारवारच्या समुद्रकिनारी २००६ मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे मिळाली. त्यांत एक बेट राणे यांच्या नावाचे आहे.

जहाज, पुतळा आणि बेट ही स्मारके शासन उभारते. शाळेच्या वाट्याला येणारे स्मारक निराळे आहे. परमवीर चक्र विजेत्यांची यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या यादीतील एका नावापाशी थांबवून, बरवाली ते चिंगस हा रस्ता नकाशावर बोटाने दाखवावा. त्या रस्त्याच्या आरंभीच बळी पडलेल्या दोन सफरमैना जवानांचीही आठवण त्याला द्यावी. राजौरीत प्रथम शिरण्याचा मान इतरांचा होता. त्यांना तेथवर जाता यावे म्हणून जे चार दिवस मागेपुढे राबले, त्यांचे ऋण त्या मुलाला कळले, तर इतिहासाचा तो तास कारणी लागला असे म्हणता येईल.